डोंगर हवा, पण सपाट

अमेरिकेतल्या मराठी माणसाला साधारण चाळिशीत निसर्गाची ओढ लागते. घराचे हप्ते तोवर अंगवळणी पडलेले असतात, मुलं अजून आईबापांबरोबर गाडीत बसायला तयार असतात आणि भारतातून सासूसासरे सहा महिन्यांच्या मुक्कामाला आलेले असतात. ही ओढ हॉटेलात भागत नाही, कारण हॉटेलात कुकर लावता येत नाही. तंबूत भागत नाही, कारण सासऱ्यांचे गुडघे. मग आरव्ही भाड्याने घ्यायचं ठरतं. आरव्ही म्हणजे बिछाने, शेगडी, फ्रिज आणि संडास यांच्यासकट रस्त्यावरून धावणारं घर. पंचवीस-तीस फूट लांबीचं हे धूड तिथे बहुतेक ठिकाणी साध्या मोटारीच्या परवान्यावर चालवायला देतात. ते लिटरला चारेक किलोमीटर जातं. सासऱ्यांनी ‘देते किती?’ असं विचारलंच, तर उत्तर मैल आणि गॅलनमध्ये द्यावं. हिशेब होईपर्यंत पेट्रोलपंप मागे पडतो.

गाडी मिळणं सोपं. ती रात्री लावायची कुठे, हा खरा प्रपंच.

आमचा भाचा डेन्व्हरला असतो. त्याने यंदा सासऱ्यांना घेऊन रॉकी माउंटन नॅशनल पार्कचा घाट घातला. डेन्व्हरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण 5,430 फुटांवर आहे आणि आपलं कळसूबाई 5,400. म्हणजे बॅगांच्या पट्ट्यापाशी उभा असलेला मराठी माणूस महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरापेक्षा वर असतो, आणि तरी ट्रॉली कुठे मिळते ते विचारत असतो. पार्कच्या दाराशी असलेलं एस्टेस पार्क हे गाव आणखी दोन हजार फूट वर. आतला ट्रेल रिज रोड 12,183 फुटांपर्यंत चढतो.

अशा ठिकाणी राहायची जागा कशी निवडावी? भाच्याने एक्सेल उघडलं. नदी जवळ हवी, पण डास नकोत. झाडं हवीत, पण सॅटेलाइटच्या तबकडीआड येणारी नकोत. अस्वल दिसायला हवं, पण मुलांना सुरक्षित अंतरावरून आणि शक्यतो जेवणाआधी. एकांत हवा, पण वायफायसकट. पाचवा रकाना सर्वांत महत्त्वाचा होता: जागा एका पातळीत हवी. यात खोट काढता येणार नाही. बऱ्याच आरव्हींमधले गॅसवर चालणारे फ्रिज गाडी कलली की नीट थंड होत नाहीत, आणि श्रीखंडाचा डबा त्यातच असतो. पण एकूण मागणी वाचल्यावर लक्षात येतं की डोंगर हवा आहे, मात्र सपाट.

सरकारी कॅम्पग्राउंड ही मागणी पुरी करत नाहीत. तिथल्या राष्ट्रीय उद्यानांतल्या कित्येक जागा लोक तंबू घेऊन येत त्या काळातल्या आहेत. वळणं अरुंद, लांबीला मर्यादा, आणि बहुतेक ठिकाणी वीज, नळ, सांडपाणी यांपैकी कशाचीही जोडणी नाही. एवढं असूनही त्यांचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं आणि मिनिटांत संपतं. जुलैतल्या जागेसाठी जानेवारीत सकाळी आठच्या ठोक्याला तीन लॅपटॉप आणि दोन फोन घेऊन अख्खं कुटुंब बसलं होतं. एरवी गणपतीच्या आरतीलाही हे सगळे एका वेळी जमत नाहीत. जागा मिळाली ती फक्त तंबूवाल्यांची.

मग उत्तरेकडच्या राज्यांचा विचार झाला. यलोस्टोनमध्ये वीज, पाणी आणि सांडपाणी अशा तिन्ही जोडण्या असलेलं कॅम्पग्राउंड एकच, फिशिंग ब्रिज. तिथे कापडी भिंतींना मज्जाव आहे, कारण आजूबाजूला ग्रिझली अस्वलांचा वावर. भाचेसुनेने ‘ग्रिझली’ एवढं वाचलं आणि तो रकाना लाल झाला. ग्लेशियर पार्कचा प्रसिद्ध रस्ता आहे, गोइंग-टू-द-सन. त्याच्या डोंगरातल्या टप्प्यावर 21 फुटांहून लांब गाडीला प्रवेश नाही. म्हणजे घर पायथ्याशी ठेवून दुसऱ्या वाहनाने वर जायचं. ‘मग घर आणलं कशाला?’ हा सासऱ्यांचा प्रश्न मला तरी बिनतोड वाटला. घरात तो कोणी मनावर घेतला नाही.

शेवटी एस्टेस पार्कच्या बाजूचं एक खासगी आरव्ही पार्क मुक्रर झालं. या पार्कांत सगळं मिळतं: खडी घातलेली सपाट जागा, कपडे धुवायची यंत्रं, मुलांना घसरगुंडी. गाड्या एकीला एक खेटून ओळीत उभ्या असतात, त्यामुळे निसर्ग बघायचा तर शेजाऱ्याच्या खिडकीतून बघावा लागतो. इथे वर्णव्यवस्थाही आहे. क्लास ए म्हणजे बसएवढा महाल, क्लास सी मधला, क्लास बी ही व्हॅन. महालवाले व्हॅनवाल्याला ‘हॅलो’ म्हणतात, पण तंबूवाल्याकडे वन्यजीवाकडे बघावं तसं बघतात, म्हणजे कौतुकाने आणि लांबून.

भाच्याने जागा निवडली ती 50 अँपिअरचा खांब होता म्हणून. 30 अँपिअरवर जेमतेम 3,600 वॉट मिळतात. एसी, मायक्रोवेव्ह आणि केस वाळवायचं यंत्र एकदम लावलं की खटका पडतो. जुलैतही रात्री स्वेटर लागतो अशा गावात एसी कोणासाठी, हे मी विचारलं नाही. जनरेटरवर भिस्त ठेवावी तर दर हजार फुटांमागे त्याची ताकद तीनेक टक्क्यांनी घटते. आठ हजार फुटांवर पाणीही 92 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे सासऱ्यांचा चहा उकळूनही हवा तेवढा गरम होईना. डाळ मात्र कुकरने राखली. हिंगाची फोडणी पडली तेव्हा शेजारच्या महालाची खिडकी बंद झाली.

सर्वांत मोठा समारंभ मैलापाण्याचा. संडासाची टाकी भरली की जाड नळी जोडून ती स्वतःच्या हाताने रिकामी करावी लागते. भाच्याने हातमोजे घातले, झडप ओढली आणि हे सगळं मुलाकडून चित्रित करून घेतलं. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला; स्वावलंबन, श्रमप्रतिष्ठा, अमेरिकेकडून शिकण्यासारखं बरंच काही. त्याच ग्रुपातल्या एका घरी ड्रेनेज उपसायला येणाऱ्या माणसाला पाणी द्यायचा पेला वेगळा, अंगणातल्या नळापाशी ठेवलेला असतो. तो पेला कोणी चित्रित केलेला नाही.

दुपारी रॉकीजमध्ये ढग हटकून जमतात आणि विजा चमकू लागतात, तेव्हा उघड्यावर थांबू नये. त्यामुळे सगळे आत बसून मराठी सिनेमा बघत होते. सासरे तेवढे छत्री घेऊन खाली उतरले आणि कॅम्प होस्टच्या दाराशी गेले. कॅम्प होस्ट म्हणजे बहुधा निवृत्त जोडपं. पार्कची देखरेख करतं आणि त्या बदल्यात तिथे राहतं. या जोडप्याने घर विकून आरव्हीतच संसार थाटला होता.

‘घर विकलं? मग पत्ता काय देता?’ कोथरूडच्या पुनर्विकासात पाच वर्षं भाड्याच्या घरात काढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार!

होस्ट म्हणाला, साउथ डकोटात टपालपेटी घेतली आणि तिथल्या कॅम्पग्राउंडवर एक रात्र राहिल्याची पावती दाखवली. त्यावर वाहन चालवायचा परवाना मिळाला.

सासरे तडक परतले. सिनेमा थांबवायला लावला आणि जावयाकडे हात पुढे केला.

‘जावईबापू, इथली पावती कुठे टाकलीत? आणा इकडे, लॅमिनेट करून ठेवू.’