शक्तिमान आणि गुडघेदुखी

शक्तिमान पुन्हा लागतो, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार मधल्या जाहिरातींबद्दल आहे.

१९९७ साली दूरदर्शनवर तो सुरू झाला, तेव्हा सोबत पारले-जी असायचं. बिस्किटं खाणारी मुलं आणि मालिका बघणारी मुलं एकच होती. आता केबलवरच्या एका वाहिनीवर तीच मालिका लागते. पुढे आलेले दात दाखवत गंगाधर, म्हणजे सुपरहिरो शक्तिमानचं भोळं सोंग, हसतो, बातमीदार गीता विश्वासला कसलाही संशय येत नाही, गोल गोल फिरणं सुरू होतं, आणि नेमका वेग आला की ब्रेक. गुडघेदुखीचं तेल. मग कर्ज. मग पोट साफ होण्याचं चूर्ण. मग पुन्हा तेल, कारण एवढ्यात मी गुडघे विसरलो असेन. वाहिनी याला बालमालिका म्हणते. समोर कोण बसलंय, हे तिच्या जाहिरात खात्याला मात्र बरोबर ठाऊक आहे.

हिशोब मला कळतो. दूरदर्शन १९७६ पासून जाहिराती घेतं. १९८४च्या ‘हम लोग’नं प्रायोजित मालिकांची वाट पाडली. पुढे निर्मातेच स्वतःच्या खर्चानं मालिका काढू लागले, दूरदर्शनला शुल्क भरू लागले आणि बदल्यात मिळालेले सेकंद जाहिरातदारांना विकू लागले. जुन्या मालिकेत तर चित्रीकरणाचाही खर्च नाही. हक्कांचे पैसे टाकले की खलनायक किल्विष हवा तितक्या वेळा हरायला मोकळा. नियमाप्रमाणे तासाला बाराच मिनिटं जाहिराती: दहा व्यापारी, दोन वाहिनीच्या स्वतःच्या कौतुकाची. माझं घड्याळ बहुधा पुढे पळत असावं. शिवाय केबलवाल्याला मी महिन्याच्या महिन्याला पैसे मोजतो, म्हणजे हे तेल मी विकत घेऊन बघतो.

भाचीला बळंच शेजारी बसवलं होतं. पहिल्याच ब्रेकला तिनं रिमोट उलटासुलटा करून ‘स्किप’चं बटण शोधलं आणि ते नसल्याचं कळताच निघून गेली.

सगळ्यात जास्त खुपतं ते निराळंच. भागाच्या शेवटी शक्तिमान मुलांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायचा: ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’. या वाहिनीनं नेमकं तेवढंच कापलंय. त्या जागी झटपट कर्ज मंजूर करणारे एक हसतमुख गृहस्थ येतात. हप्ता थकला तर त्या गोष्टींतल्या चुकलेल्या मुलांसारखं ‘सॉरी शक्तिमान’ म्हणून भागतं का, ते कुणीच सांगत नाही.