साडेतीन महिन्यांचा माणूस

जगातल्या जवळपास कुठल्याही देशात मी आजारी पडलेलो चालतो, फक्त मायदेशात नाही. हे मी म्हणत नाही, प्रवास विमा विकणाऱ्या कंपन्या म्हणतात. आपण ज्या देशाचे, त्या देशात पाऊल ठेवलं की त्यांची पॉलिसी बहुधा मिटून बसते. पेरूच्या डोंगरात पाय मोडला तर हेलिकॉप्टर, प्रवरेच्या काठी मोडला तर मेव्हण्याचा पिकअप.

माझी गरज तशी किरकोळ होती. दुबईतली नोकरी संपली होती आणि मस्कतची सुरू व्हायला साडेतीनेक महिने होते. तेवढ्या काळापुरता आरोग्य विमा हवा होता. दुबईत मालकाने नोकराचा विमा काढलाच पाहिजे, असा 2013 सालचा कायदा आहे. मात्र व्हिसा रद्द झाला की विमाही त्याच्यामागोमाग जातो. विमानात बसलो तेव्हा खजूर, आईसाठी टायगर बाम आणि माझी शुगर एवढीच मालमत्ता बरोबर होती. त्यातली शुगर कस्टमवाल्यांनी विचारली नाही. विचारली ती मेव्हण्याने.

नगर जिल्ह्यात विमा एजंट शोधावा लागत नाही, तो नात्यातच असतो. शेतकरी, शिक्षक, दूध डेअरीवाला, जो कोणी असेल तो सकाळी आपलं काम करतो आणि संध्याकाळी पॉलिसी काढतो. माझा एजंट म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. बायकोच्या भावाला नाही म्हणता येत नाही, हे विमा कंपन्यांना आपल्या आधी कळलं.

"तीन महिन्यांची पॉलिसी?" तो म्हणाला. "दाजी, मोबाईलचा रिचार्ज आहे का तो?"

"मग वर्षाची काढू आणि जाताना बंद करू."

"करा की. क्लेम केला नसेल तर उरलेल्या काळाचे पैसे हिशेबाने परत येतील. वरून सप्टेंबर 2025 पासून घरगुती पॉलिसीवरचा अठरा टक्के जीएसटी गेलाय. फक्त एवढं ऐकून घ्या."

मग त्याने जे ऐकवलं, ते पंचांग वाचल्यासारखं होतं. पहिले 30 दिवस अपघात सोडून काहीही चालणार नाही. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध असल्या दुखण्यांना साधारण दोन वर्षं थांबायचं. आणि आधीपासून असलेला आजार, म्हणजे माझी शुगर, तिला तीन वर्षांपर्यंत. "पूर्वी चार होती," तो दिलासा देत म्हणाला, "1 एप्रिल 2024 पासून तीनवर आणलीत." साडेतीन महिन्यांसाठी आलेल्या माणसाला ही केवढी सवलत!

आणखी एक गंमत आहे. पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत पसंत नसेल तर परत करता येते. याला फ्री लुक म्हणतात. म्हणजे ज्या महिन्यात पॉलिसी परत करता येते, त्याच महिन्यात ती तापालाही कामाची नसते. मुलगी बघायला जावं आणि नुसती कपाटातली भांडी दाखवावीत, तसं हे लुक.

"अरे, पण दुबईत इतकी वर्षं विमा होता. ती वर्षं धरणार नाहीत?"

"पोर्टिंग आपल्या इथल्या कंपनीतून आपल्या इथल्या कंपनीत होतं, दाजी. दुबईचं दुबईत राहिलं."

तीन-चार महिन्यांचा विमा भारतात कधीच निघाला नाही, असं मात्र नाही. जुलै 2020 मध्ये विमा नियामकाने कंपन्यांना 'कोरोना कवच' काढायला लावलं होतं. मुदत साडेतीन, साडेसहा किंवा साडेनऊ महिने. हे साडे कशाला, तर पहिले पंधरा दिवस थांबण्याचे होते, ते मुदतीतच धरले होते. नियामकाच्या त्या खोलीत एखादा मराठी माणूस नक्की बसला असणार. साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठं, आणि साडेतीन महिन्यांचं कवच! माझ्या मापाचं कापड एकदाच विणलं गेलं, तेही मी दुबईत मास्क लावून बसलो असताना.

साडे म्हटल्यावर आई गप्प बसणं शक्य नव्हतं. "शिंगणापूरला जाऊन तेल घालून ये," ती म्हणाली. नेवासा तालुक्यातलं हे गाव म्हणजे विमा धंद्याला दिलेलं जाहीर आव्हान आहे. घरांना दारं नाहीत, कारण राखणीला शनिमहाराज आहेत. 2011 साली युको बँकेनेही तिथे बिनकुलपाची शाखा उघडली. आणि शनीचा वेटिंग पिरियड साडेसात वर्षांचा असला, तरी त्यात एक प्रामाणिकपणा आहे: तो आधीपासूनचे आजार विचारत नाही. सगळ्यांना सारखाच.

मेव्हणा विचारतो. फॉर्म भरायला बसलो तेव्हा पहिला अडथळा पत्त्याचा. मी गेलो तेव्हा जिल्हा अहमदनगर होता, आलो तेव्हा अहिल्यानगर. पासपोर्टवर एक नाव, अ‍ॅपमधल्या यादीत दुसरं. ते निभावलं. मग आला मधुमेहाचा रकाना. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने आमच्याच जिल्ह्यात, प्रवरानगरला उभा राहिला. इथल्या माणसाला शुगर आहे का विचारलं, तर तो आधी सभासदत्वाचा शेअर दाखवेल.

"दाजी, नाही लिहू का?" मेव्हण्याने आवाज खाली आणला.

"आहे लिही."

त्याने माझ्याकडे कर्जमाफी नाकारणाऱ्या शेतकऱ्याकडे बघावं तसं बघितलं. पण हिशेब साधा आहे. खरं लिहिलं तर तीन वर्षं थांबायचं. खोटं लिहिलं तर कंपनीला त्यावर बोट ठेवता येतं ती पाच वर्षं श्वास रोखून राहायचं, आणि फसवणूक सिद्ध झाली तर त्यानंतरही सुटका नाही.

परदेशातून परतून नगर जिल्ह्यात आरोग्याची सोय लावणारी माणसं झाली नाहीत, असं कोण म्हणेल? डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे अमेरिकेत शिकून आले आणि 1970 मध्ये जामखेडला त्यांनी काम सुरू केलं. गावातल्या बायकांना, त्यातल्या कित्येक निरक्षर, शिकवून आरोग्यसेविका केलं. 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे मिळालं. फरक एवढाच की ते आले ते हजारोंची सोय लावायला, आणि मला एकट्याची लावता येईना.

त्याच आठवड्यात कामानिमित्त दौंड रस्त्याने जाताना अरणगावला, मेहेराबादजवळ, चहाला थांबलो. मेहेरबाबांच्या समाधीला जगभरातून लोक येतात. शेजारच्या बाकावर एक ऑस्ट्रेलियन बाई कटिंग पीत होती. बोलता बोलता तिने पिशवीतून विम्याचं कार्ड काढून दाखवलं. नगर जिल्ह्यात तिला काहीही झालं तरी दिवसरात्र फोन उचलणारी माणसं होती. तिने मला माझं कार्ड विचारलं. मी तिला भजी घ्या म्हटलं.

खरी कमाल घरात निघाली. माझ्या वडिलांची, तात्यांची, ऐंशी कधीच उलटली. सत्तरीपुढच्या सगळ्यांसाठी ऑक्टोबर 2024 मध्ये आयुष्मान योजनेचं वय वंदना कार्ड आलं. उत्पन्नाची अट नाही, पाच लाखांपर्यंत उपचार, जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेले. तात्यांचं बीपी, गुडघे, हृदय, सगळं एका कार्डात मावलं. राज्याची महात्मा फुले योजनाही आता पांढऱ्या रेशनकार्डालासुद्धा लागू आहे. मी आशेने घरचं रेशनकार्ड काढलं. त्यात माझ्या नावावर आडवी रेघ होती. माणूस इतकी वर्षं गावात नाही म्हटल्यावर नाव कमी होणारच. तात्यांनी आपलं वय वंदना कार्ड सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि म्हणाले, "सत्तर होऊ दे, मग बघू तुझं."

शेवटी वर्षाची पॉलिसी काढली, आणि मेव्हण्याच्या सांगण्यावरून जाताना बंद न करायचं ठरवलं. या एका बाबतीत तो शंभर टक्के बरोबर आहे. परदेशात राहणाऱ्यांनाही भारतातली पॉलिसी घेता येते, आणि ते तिकडे असले तरी थांबण्याची मुदत इकडे सरत राहते. म्हणून परतायचं असेल त्याच्या तीन वर्षं आधी ती घेऊन मुरत ठेवावी. मला हे सांगायला दुबईत कोणी भेटलं नाही, कारण मेव्हणा इथे होता.

उरला तो पहिला महिना, फक्त अपघात चालणारा. घरात अलिखित आचारसंहिता लागू झाली. दही बंद, उसाचा रस बंद, पावसात जाणं बंद. आई दोन्ही वेळा कपाळाला हात लावून बघायची. पण बाईकवरून कुठेही जायला कोणाची ना नव्हती. ओल्या पायऱ्यांवरून उतरताना मी कठडा धरला, तर बायको म्हणाली, "अहो, या महिन्यात पडायचंच असेल तर पायरीवरून पडा. आजारी तेवढे पडू नका."

मी कसाच पडलो नाही. महिना संपला त्या दिवशी मेव्हणा पेढ्यांचा पुडा घेऊन हजर.

"दाजी, आजपासून मोकळे! डेंग्यू, टायफॉइड, काय हवं ते करा."

मी पेढ्याला हात लावला नाही. शुगर, म्हटलं.

"खा हो," तो म्हणाला, "तिचं तीन वर्षांनी बघू."