पाणी आलंय हो!

डोंबिवलीच्या जुन्या इमारतीत ज्यांचं बालपण गेलं, त्यांना एक आवाज झोपेतही ओळखू येतो. रात्री नळ उघडाच ठेवायचा आणि खाली पत्र्याची बादली. पहाटे कधीतरी नळ फुसफुसतो, दोन-चार उचक्या देतो आणि धार बादलीच्या बुडावर पडते. टण्ण! घर जागं. ज्यांच्या घरी ही बादली नव्हती ते तीनला उठायचे, साडेतीनला उठायचे, चारला उठायचे, नळ पिळून बघायचे आणि परत आडवे व्हायचे. पाणी यायचं चार-दहाला.

इंटरनेटवर मराठी वाचणारा वाचक अजूनही तीनला उठून नळ पिळतोय. आवडत्या लेखकाचं पान उघडतो. नवीन काही नाही. दोन दिवसांनी पुन्हा उघडतो. नाही. तिसऱ्यांदा येत नाही, आणि लेख नेमका त्याच दिवशी पडतो. मग लेखक काय करतो? लिंक चाळीस ग्रुपांवर टाकतो, खाली ‘अवश्य वाचा’. ज्यांनी मागितलं नाही त्यांना सतरांदा मिळतं, ज्याला हवं होतं तो राहून जातो. याला पोचवणं म्हणत नाहीत.

उपाय जुना आहे. साइटचं फीड असतं, म्हणजे नव्या लेखांची यंत्राला वाचता येणारी यादी. वाचक त्याची वर्गणी लावतो आणि फीड वाचणारं ॲप त्याच्या वतीनं नळ पिळत राहतं. पण तेही पिळणंच. तासाला एकदा विचारायचं, ‘काही नवीन?’ आणि बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’. हजार वाचकांची हजार ॲपं लेखकाच्या सर्व्हरला हाच प्रश्न विचारत बसतात. 2009 साली गूगलमधल्या ब्रॅड फिट्झपॅट्रिक आणि ब्रेट स्लॅटकिन यांनी ही उठबस थांबवणारी पद्धत मांडली. नाव अवघड, पबसबहबब. पुढे तिचं वेबसब झालं आणि जानेवारी 2018 मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमनं तिला प्रमाण म्हणून मान्यता दिली.

ही पद्धत आमच्या तळमजल्यावरच्या वहिनींना कुणी शिकवली नव्हती. पाण्याला जोर कमी, म्हणून पहिली धार त्यांच्याकडे. त्या जिन्यात येऊन एकच हाक द्यायच्या, ‘पाणी आलंय हो!’ चारही मजल्यांवर एकदम हंडे वाजायचे. वेबसबमध्ये त्या वहिनी म्हणजे हब. लेख प्रसिद्ध झाला की लेखकाची साइट हबला कळवते, आणि ज्यांनी वर्गणी लावलीय त्या सगळ्यांकडे हब तो लेख त्याच क्षणी ढकलतो. कुणी विचारायला जायचं नाही.

मला यातली दोन कलमं फार आवडतात. वर्गणीची मागणी आली की हब आधी उलट विचारतो, ‘तूच मागितलंस ना?’ होकार आला तरच देतो. आणि वर्गणीला मुदत असते, ती संपली की पुन्हा मागावं लागतं. बळजबरी नाही, मधे कुणी निवड करणारा नाही.

हा मधला निवड करणारा आपण स्वतः घरात घेतला. 1 जुलै 2013 ला गूगल रीडर बंद झालं, वाचक विखुरले आणि लेखक समाजमाध्यमांच्या दारात जाऊन उभे राहिले. कुणाला काय आणि कधी दाखवायचं, ते माध्यम ठरवू लागलं. माझ्या एका व्याख्यानाची सूचना मी अशाच एका माध्यमावर टाकली होती. व्याख्यान शनिवारी. पहिली रांग रिकामी. सोमवारी सकाळी एका जुन्या वाचकाचा फोन: ‘आत्ता दिसलं हो मला, आज आहे ना?’ त्याचा आवाज आजही आठवतो. त्यानं काय चूक केली होती?

व्याख्यान बुडालं तर बुडालं. पण आपल्याकडे पावसाळाही असतो. 26 जुलै 2019 च्या रात्री उल्हास नदीचं पाणी रुळांवर चढलं आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे हजारावर प्रवासी पोटात घेऊन अडकली. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा प्रवासी बाहेर निघाला. अशा रात्री नदीकाठचा जो माणूस पाण्याची खबर लिहितो, त्याचा शब्द सकाळच्या चहाला पोचून काय उपयोग? राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ पोर्टलवर इशाऱ्यांचं फीड सगळ्यांना खुलं आहे, ही फार मोलाची गोष्ट आहे. तेच रविवारच्या रेल्वे मेगाब्लॉकला हवं, पाणीबंदीला हवं. सध्या आपल्या हाती पडतो तो तारीख नसलेला फॉरवर्ड. गेल्या वर्षीचा की उद्याचा, ओळखा!

डोंबिवली हे पुस्तक घरपोच मागवणारं गाव आहे. पै फ्रेंड्स लायब्ररीनं ती सवय लावली. मग लेख घरपोच का नको? लिहिणाऱ्यांनो, फीड बंद करून ठेवू नका. अर्धवट देऊ नका, पूर्ण लेख द्या. त्याला हब जोडा. वर्डप्रेसवर त्यासाठी तयार प्लगिन मिळतं.

गेल्या महिन्यात हवामानावर हौसेनं लिहिणाऱ्या एका मित्राच्या साइटला मी हब जोडून दिला. चहा निवायच्या आत काम झालं. मग त्यानं दोन ओळींची नोंद लिहिली, बारवी धरणाच्या बाजूला काळं भरून आलंय म्हणून, आणि ‘प्रसिद्ध करा’ दाबलं. त्याचं बोट माउसवरच होतं. माझ्या खिशातला फोन थरथरला.