लाईनची वाट

पुण्याचा भाचा ऑरोरा पाहायला फिनलंडला जाऊन आला. लॅपलंडमध्ये काचेच्या छताची खोली, आत ऊब, वर जाड दुलई. आकाशात उजेड दिसला की हॉटेलवाले गजर वाजवून उठवतात म्हणे. "मामा, तीन रात्री नुसती वाट पाहिली!"

मी महागावचा. वाट पाहण्याचं कौतुक मला सांगावं?

हरभऱ्याला पाणी द्यायचं आणि लाईन रात्रीची. मग मुक्काम मचाणावर, खाली पळाट्यांची शेकोटी. छत आमचंही पारदर्शक. ताडपत्रीला भोकं आहेत. गजर रानडुकरं देतात.

ऑरोराचा हिरवा रंग साधारण १०० किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनचा, लाल त्याहून बराच वरचा, असं भाच्यानं समजावलं. आमच्या स्टार्टरच्या पेटीवर दोन्ही दिवे चार फुटांवर. हिरवा लागला की फावडं घेऊन पळायचं, लाल लागला की परत मचाणावर. एका रात्रीत पाच-सहा खेपा होतात. थंडी वाजत नाही, हा फायदा.

मे २०२४ च्या सौरवादळात लडाखच्या हानलेला आकाश लाल झालं. आमच्या विदर्भालाही आकाशानं अगदीच विसरलेलं नाही. २ एप्रिल २०२२ ला, पाडव्याच्या रात्री, झगझगीत रेघा सरकत गेल्या. ते निघाले चिनी रॉकेटचे तुकडे. सिंदेवाही तालुक्यात धातूचं भलंमोठं कडंच पडलं.

भाचा विचारतोय, डिसेंबरात मचाणावर राहायला येऊ का? म्हटलं ये, फक्त गमबूट घेऊन ये. फावडं इथलं देतो.