नेहमीचे गिऱ्हाईक

मनुष्याच्या अहंकाराची जी अनेक क्षुद्र रूपे आहेत, त्यांत उपाहारगृहातल्या नोकराने आपल्याला चारचौघांत ओळखावे ही आकांक्षा सर्वांत क्षुद्र, आणि म्हणूनच बहुधा सर्वांत चिवट असावी. महसूल खात्यात हयात गेलेल्या, आणि तालुक्याच्या गावी हॉटेलात पाऊल टाकताच गल्ल्यावरच्या मालकाला अर्धवट उठताना पाहण्याची सवय जडलेल्या माझ्यासारख्या इसमास, न्यू जर्सीत मुलाकडे मुक्कामाला आल्यावर कोणी ओळख दाखवीना, तेव्हा गमावलेली ती सनद परत मिळवण्याचे क्षेत्र म्हणून मी मुलाच्या घराजवळचे डायनर मुक्रर केले.

तिथे काउंटरपाशी उंच, गोल, फिरत्या बैठकींवर काही वृद्ध गोरे गृहस्थ रोज सकाळी विराजमान होत. ते एक अक्षर बोलत नसत. बसल्याबरोबर पुढ्यात कॉफी येई, पेला अर्धा होताच पुन्हा भरला जाई, आणि थोड्या वेळाने त्यांची ती ठरलेली बशी अर्ज न करता, मुद्रांक न लावता हजर होई. ते पाहून माझ्या मनात जो मत्सर उत्पन्न झाला, तसा बढतीच्या यादीतून माझे नाव गळाले तेव्हाही झाला नव्हता.

माझ्या वाट्याला मात्र दर खेपेस रीतसर जबानी येई. ज्याने जन्मभर इतरांच्या जबान्या घेतल्या, त्याला वाढपीण बाईंनी पेन्सिल कानामागून काढून विचारावे, की अंडी सनी साइड अप हवीत, ओव्हर इझी हवीत की स्क्रॅम्बल्ड. त्याचा निकाल लागतो न लागतो तोच पाव व्हाइट, व्हीट की राय, आणि बटाटे होम फ्राइज की हॅश ब्राउन, हे उपप्रश्न निघावेत! दोन अंड्यांसाठी इतकी कलमे आमच्या कूळकायद्यातही आढळत नाहीत. मी गांगरून सर्व प्रश्नांना ‘येस’ म्हणत असे.

ओळख होत नाही तर निदान विद्वत्तेची छाप पडावी, म्हणून मी या संस्थेचा इतिहास अभ्यासला. १८७२ साली प्रॉव्हिडन्स गावी वॉल्टर स्कॉट नावाच्या गृहस्थाने घोड्याच्या गाडीतून वर्तमानपत्राच्या रात्रपाळीवाल्यांना खाद्यपदार्थ विकण्यास आरंभ केला, हे डायनरचे मूळ. पुढे अशा गाड्यांचा घाट तसाच ठेवून अख्खी उपाहारगृहे कारखान्यांत घडवू लागले, आणि तो धंदा विशेषेकरून याच न्यू जर्सीत भरभराटला. तयार वास्तू मुक्कामी नेऊन ठेवावी, की गिऱ्हाइकांना दार मोकळे. आता महसुली दृष्टीने अशी मिळकत स्थावर मानावी की जंगम, हा मोठा नाजूक मुद्दा असून त्यावर मी मुलापाशी सविस्तर विवेचन केले. ‘बाबा, मॅक अँड चीज गार होतंय,’ एवढाच अभिप्राय त्याने दिला.

हे मॅक अँड चीज, म्हणजे चीजच्या दाट रश्शात बुडवून भट्टीत भाजलेली मॅकरोनी, अमेरिकनांस आपल्या वरणभातासारखे आहे. आजारपणात, पराभवात आणि पावसात ते आठवते. क्राफ्ट कंपनीने १९३७ साली, मंदीच्या दिवसांत, ते खोक्यात भरून एकोणीस सेंटला विकले आणि घरोघरी पोचवले. परंतु ते या देशात रुजवण्याच्या श्रेयातला मोठा वाटा ज्याला देतात, त्या जेम्स हेमिंग्जविषयी मला इथे थोडे विषयांतर करणे भाग आहे, आणि ज्यांना घाई असेल त्यांनी खुशाल बिल मागवावे. हा थॉमस जेफरसनचा गुलाम, आणि नात्याने त्याच्या दिवंगत पत्नीचा सावत्र भाऊ. जेफरसनने १७८४ साली त्याला पॅरिसला नेऊन फ्रेंच पाककला शिकवली. फ्रान्समध्ये त्याला कोर्टात दाद मागून स्वतंत्र होता आले असते, तरी तो मालकाबरोबर परतला. १७९३ साली जेफरसनने त्याला लेखी करार करून दिला, की दुसरा आचारी तयार कर, मग तू मोकळा. त्याने आपल्या भावाला, पीटरला, ती कला शिकवली आणि १७९६ साली तो सुटला. निघताना स्वयंपाकघरातल्या भांड्यांची स्वहस्ताक्षरात त्याने केलेली यादी अद्याप जतन आहे. पुढे जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्याला मुदपाकखान्यात येण्याविषयी निरोप गेला. त्याने उलट कळवले, की अटी काय आणि पगार काय, हे साहेबांनी स्वतःच्या हाताने चार ओळींत लिहून पाठवावे.

तो कागद कधी निघाला नाही. जेम्स हेमिंग्ज १८०१ साली वारला.

तोंडी निरोपावर विसंबून हाल झालेली कैक कुळे मी कचेरीच्या ओसरीवर बसलेली पाहिली आहेत, आणि त्यांना ‘लेखी काही आहे का?’ असे दरडावून विचारणाराही मीच होतो. त्यामुळे ही हकिकत वाचल्यापासून त्या चीजचा घास मला सरळ गिळवत नाही. वर बिलाच्या वेळी चिरंजीव वीस टक्के बक्षिशीचा हिशेब मांडतात. केंद्रीय कायद्याने बक्षिशीवर राबणाऱ्यांचे किमान रोख वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरवर खिळवून ठेवले आहे. न्यू जर्सीचा दर त्याहून वर असला, तरी उरलेला पगार मुख्यतः गिऱ्हाइकाच्या मर्जीतून यायचा. म्हणजे बाई मला ‘हनी’ म्हणतात, त्यात किती माया आणि किती वसुली, याची रुजवात कशी घालावी? वसुलीच असेल तर ती त्यांनी हक्काने करावी. मालकाने द्यायचा पगार माझ्या औदार्यावर लटकलेला असणे मला मात्र मुळीच रुचत नाही. मी पंचवीस टक्के ठेवले, आणि आता तरी ओळखतील, असा हिशेबही मनात केलाच.

आमच्या सौभाग्यवतींना यातले काही ठाऊक नव्हते. त्या निमूटपणे टोमॅटोचे सूप आणि ग्रिल्ड चीज सँडविच मागवीत, हॉट सॉसची बाटली मागून घेत आणि मी शौचकूपात गेलो असता, तोडक्यामोडक्या इंग्रजीत, त्या बाईंशी गुडघेदुखीवर चर्चा करीत, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

परवा आम्ही टेबलाशी बसलो मात्र, तोच बाई सूप, सँडविच, चिरलेला कांदा आणि हॉट सॉस घेऊन आल्या, सर्व हिच्यापुढे मांडले आणि उजव्या गुडघ्याची चौकशी केली. मग माझ्याकडे वळून त्यांनी मेन्यूकार्ड दिले आणि कानामागची पेन्सिल काढली.

‘त्यांना स्क्रॅम्बल्ड,’ ही परस्पर म्हणाली, ‘आणि व्हीट. अहो, ते कार्ड ठेवा बाजूला, सूप सांडेल.’