दुसरी सही

मे महिन्याची तिकिटं फेब्रुवारीत निघतात. व्हिसाची धावपळ मार्चमध्ये होते. मुलाला परदेशी न्यायला लागणारं, मागे राहणाऱ्या पालकाचं संमतीपत्र मात्र निघायच्या आदल्या संध्याकाळी आठवतं.

मग कोर्टाबाहेरची ती पत्र्याची शेड. टायपिस्टकडे मसुदा तयारच असतो. मागच्या गिऱ्हाइकाचं नाव काढून तुमचं घालायचं, तारीख बदलायची, प्रिंट मारायची. घाईत एका ओळीत जुनंच नाव राहतं, आणि ते कुणाच्या लक्षात येतं? परदेशातल्या काउंटरवरच्या अधिकाऱ्याच्या.

सही करणारा बाप दोह्यात, शिक्का दादरचा. १९५२ च्या कायद्याने नोटरीला जे अधिकार दिले, त्यात माणूस समोर असणं आणि त्याची ओळख पटवणं आलंच. समोर कुणी नसताना मारलेल्या शिक्क्याची किंमत स्टॅम्पपेपरइतकीच. महाराष्ट्रात तो स्टॅम्पपेपरही २०२४ च्या ऑक्टोबरात शंभरावरून पाचशेवर गेला.

पण पैशाचं सोडा. मुळात घरोघरी राग वेगळाच असतो. ‘माझ्याच पोराला न्यायला मला कुणाची परवानगी कशाला?’

कारण ते पोर तुमचं आहे हे तुम्हाला माहीत आहे. समोरच्या अधिकाऱ्याला नाही.

त्याला दिसतं एक मूल आणि एक मोठं माणूस. हे मूल हट्टाने सहलीला निघालंय की मध्यरात्री उठवून आणलंय, हे त्याने कसं ओळखायचं? भांडलेल्या नवरा-बायकोपैकी एकाने मूल उचलून दुसऱ्या देशात निघून जायचं, हा प्रकार इतका वाढला की त्यासाठी १९८० मध्ये हेगला आंतरराष्ट्रीय करार करावा लागला. सोळा वर्षांखालचं मूल असं नेलं, तर त्याला लवकरात लवकर मूळच्या देशात परत पाठवायचं आणि ताब्याचा वाद तिथेच सोडवायचा, असा तो करार. शंभरावर देश त्यात आहेत.

भारत नाही.

२००९ मध्ये विधी आयोगाने ‘सामील व्हा’ म्हटलं. २०१८ मध्ये न्यायमूर्ती राजेश बिंदल यांच्या समितीने ‘नको’ म्हटलं. समितीची काळजी खोटी नव्हती. परदेशात मार खाऊन मुलासह माहेरी पळून आलेल्या बाईला त्याच घराच्या दारात परत पाठवायचं का? हा प्रश्न खराच आहे. पण मूल कायमचं हरवून बसलेला बाप किंवा आईही खरीच आहे. दोघांनाही उत्तर आपण अजून दिलेलं नाही.

आता प्रत्येक देशाचा सूर वेगळा. अमेरिका आणि कॅनडा संमतीपत्र जवळ ठेवाच असा सल्ला देतात. शेंगेन देशांना ते व्हिसाच्या अर्जासोबतच लागतं. दक्षिण आफ्रिकेने जून २०१५ पासून आई-बाप दोघांची नावं असलेला जन्मदाखला इतका सक्तीचा केला, की तिथल्या पर्यटनवाल्यांनीच ओरड केली आणि पुढे नियम सैल करावे लागले. आपल्याकडे भारतातून निघताना प्रत्येक वेळी संमतीपत्र दाखवा, असा सरसकट नियम नाही. मग ‘मुंबईला कुणी विचारलंच नाही’ असं सांगणारा शेजारी भेटतो.

मुंबईला नाही विचारलं. उतरल्यावर विचारतील.

आईचं आडनाव माहेरचं, मुलाचं बापाचं. हे आता आपल्याकडे नवलाचं राहिलेलं नाही, आणि चांगलंच आहे. परदेशी काउंटरवर मात्र दोन पासपोर्ट, दोन आडनावं. मधला दुवा एकच, जन्मदाखला. तो कुठे असतो? बँकेच्या लॉकरमध्ये. सोबत न्या, आणि नेण्याआधी उघडून वाचा. कित्येक दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा आजही कोरी असते, कारण नोंद झाली तेव्हा बारसं व्हायचं होतं. ते नाव नंतर भरता येतं, जन्मनोंदीपासून पंधरा वर्षांपर्यंत. दहावीच्या परीक्षेची वाट पाहू नका. त्यात १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलाच्या नावात आईचं नावही आलं. मोठ्या भावाच्या कागदावर ते नाही, धाकटीच्या आहे. दोन सख्खी भावंडं, दोन नमुने. अधिकाऱ्याला समजावणार कोण? तुम्हीच. म्हणून दोघांचेही दाखले घ्या.

आजी-आजोबांची गोष्ट याहून नाजूक. मुलगा-सून न्यू जर्सीत, नातू सुट्टीला पुण्यात, परतीचा प्रवास आजीबरोबर. आजी चकल्यांचे डबे तीनदा मोजते. कागदांचं विचारलं की म्हणते, ‘अहो, नातूच आहे माझा!’ काउंटरवर अधिकारी मुलाला विचारतो, ही कोण? ‘आजी.’ नाव काय तिचं? मुलगा गप्प. त्याने आजीला कधी नावाने हाक मारलेली नसते! शिकवलंय कुणी त्याला? अशा वेळी मुलाशी वेगळं बोलतात, तेही प्रेमाने, पण प्रश्न सरळ असतात: कुठे चाललास, किती दिवस, आई कुठे आहे. निघण्याआधी घरात एकदा बसून मुलाला आजीचं पूर्ण नाव आणि आई-बाबांचा फोन नंबर पाठ करून घ्या. पाढे पाठ होतात, हेही होईल.

आणि आजीच्या पत्रावर दोघांची सही लागते. एकट्या लेकाची नाही. सुनेचीही.

सहलीला जाणाऱ्या शाळकरी मुलांचे पालक निर्धास्त असतात, ‘शाळेचा फॉर्म भरलाय ना.’ तो फॉर्म वाचलाय? त्यात बहुतेक वेळा एवढंच असतं, की काही झालं तर शाळा जबाबदार नाही. तो शाळेच्या बचावाचा कागद. मुलाच्या बाजूचा कागद वेगळा. त्यात मुलाचा पासपोर्ट नंबर, सोबत जाणाऱ्या शिक्षकांचं नाव आणि पासपोर्ट नंबर, जायची-यायची तारीख, राहायचा पत्ता आणि मागे राहिलेल्या पालकांचे असे फोन, जे रात्री तीन वाजताही उचलले जातील. दवाखान्यात न्यायची वेळ आली तर उपचारांना संमती, हीसुद्धा एक ओळ. ही ओळ नेमकी राहते.

कोकणातल्या बोटीवरच्या माणसाच्या घरी तर कॅलेंडर पाहून कागद करावा लागतो. तो सहा-सहा महिने समुद्रात. बायको-मुलं मे महिन्यात मस्कतला मावशीकडे निघाली, तर सही कुठून आणणार? त्याने बोट धरण्याआधीच ती करून ठेवायची. आखातात नोकरीला असलेल्याला तिथल्या भारतीय दूतावासात जाऊन सही साक्षांकित करून घेता येते. एक रजा जाते. जाऊ दे.

सगळ्यांत बिकट वाट एकट्या आईची. नवरा तीन वर्षांपूर्वी घर सोडून गेला. घटस्फोट नाही, पत्ता नाही, फोन उचलत नाही. त्याची सही आणा म्हणणाऱ्याला तिने काय सांगायचं? १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने आधी बाप, ‘त्याच्यानंतर’ आई असं लिहून ठेवलं. गीता हरिहरन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सांगितलं, की ‘नंतर’ म्हणजे बाप मेल्यावरच असं नाही. तो मुलाकडे बघतच नसेल तरीही आईच नैसर्गिक पालक. २०१५ मध्ये त्याच न्यायालयाने अविवाहित आईला बापाचं नाव न सांगता पालकत्व मागता येतं असं ठरवलं. पासपोर्टचे नियमही २०१६ च्या डिसेंबरात बदलले: अर्जात एकाच पालकाचं नाव चालतं, परिशिष्टं साध्या कागदावर चालतात, नोटरी लागत नाही. दुसऱ्या पालकाची संमती मिळत नसेल तर त्याचं कारण सांगणारं ‘परिशिष्ट सी’ आहे.

कायदा तिच्या बाजूने सरकला. तिला हे सांगतं कोण? खिडकीवर अजून ‘मिस्टरांना घेऊन या’ हेच ऐकू येतं.

पासपोर्ट हातात आल्यावरही तिची पायपीट संपत नाही. व्हिसासाठी पुन्हा तोच प्रश्न. तिने एकटीने वाढवलेल्या मुलाच्या शाळेच्या पावत्या, पोलीस तक्रारीची प्रत, कोर्टात अर्ज केला असेल तर त्याचा आदेश, हे सगळं एका फाइलीत लावून न्यावं. ताब्याचा आदेश मिळाला असेल तर त्यात ‘परदेश प्रवासाची मुभा’ हे शब्द आहेत का, वकिलाला आजच विचारा. आदेश असतो, नेमके तेच शब्द नसतात.

फ्रान्सने संमतीपत्राचं कसं केलं बघा. तरुण पोरं घरी न सांगता सीरियाच्या वाटेला लागली, तेव्हा सरकारने बंद केलेलं संमतीपत्र १५ जानेवारी २०१७ पासून परत आणलं. छापील सरकारी फॉर्म, पालकाची सही, ओळखपत्राची झेरॉक्स. पालिकेत खेटे नाहीत, फी नाही. कॅनडाचं सरकारही तयार नमुना संकेतस्थळावर ठेवतं. आपल्याकडे एजंटाच्या पेनड्राइव्हमधला मसुदा फिरतो, आणि त्याचे तो पैसे घेतो.

पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत मुलांच्या प्रवासाचं एकच संमतीपत्र ठेवायला कुठला नवा कायदा लागतो? त्यातच एकट्या पालकासाठी वेगळा रकाना द्या, ‘दुसऱ्या पालकाची सही का नाही’ हे लिहायला. परराष्ट्र मंत्रालयाने पुढच्या मेच्या आत एवढं करावं.