चिकू हवा, चीक नको

देव न मानणाऱ्या पालकाची खरी परीक्षा शाळाप्रवेशाच्या वेळी होते. नरपड ते तलासरी हा मुलूख १९४५ च्या वारली उठावापासून लाल बावटा ओळखतो. पण मुलाला मिशनच्या शाळेत घालायचं ठरलं, की बावटा गुंडाळून माळ्यावर जातो. इंग्रजी हवं, शिस्त हवी, प्रार्थना तेवढी नको. चिकू हवा, चीक नको! अर्जाच्या तळाशी ‘सर्व नियम मान्य’ असतं, तिथे पालक चष्मा न लावताच सही ठोकतो. मग जुलैत पोरगं डबा उघडण्याआधी डोळे मिटून पुटपुटायला लागलं, की घरात विचारस्वातंत्र्य धोक्यात येतं.

गंमत म्हणजे संविधान याच पालकाच्या बाजूचं आहे. अनुच्छेद २८(३) प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला अज्ञान मुलाला बसवायचं, तर पालकाची संमती लागते. म्हणजे नकार कळवायचा नसतो, होकार मागायचा असतो, आणि तो शाळेने. प्रार्थनेत हात न जोडणाऱ्या नाशिकच्या एका शिक्षकाला २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने याच आधारे न्याय दिला. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या तीन मुलांना शाळेत परत घ्यायला लावलं. ती राष्ट्रगीताला नुसतीच उभी राहत, गात नसत. त्यांचं कारण तर धर्माचं होतं! श्रद्धावंत दिल्ली गाठतात; आमचा अश्रद्ध पालकसभेत मागची खुर्ची गाठतो.

‘पटत नसेल तर दुसरी शाळा बघा,’ असं सुनावलं जातं. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या पोरांमागे शाळाच कुरणात नेली होती. आता शाळेमागे पालक धावतो, त्याला निवड कसली? अल्पसंख्याकांना शाळा चालवायचा हक्क अनुच्छेद ३० देतो, पण त्याने २८(३) पुसला जात नाही. ‘प्रार्थनेने कुणाचं बिघडलंय?’ कुणाचंच नाही. मग विचारल्यानेही बिघडू नये. मूल वर्गात एकटं पडेल, ही भीती मात्र खरी आहे. त्यावर उपाय साधा: गप्प उभं राहायची मुभा सगळ्यांनाच द्यावी, म्हणजे कोण का गप्प आहे ते कळणारच नाही.

पण मिशनच्या शाळेला जाब विचारायचा, तर जिल्हा परिषदेच्या शाळेचंही बघावं लागेल. निव्वळ सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत तर धार्मिक शिक्षणाला मुळीच जागा नाही. पण दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती उमटली, हळदकुंकू वाहिलं, की आमचा नास्तिक म्हणतो, ‘हे कुठे धार्मिक, ही तर संस्कृती!’ आणि फोटोसाठी पाटी जरा उजेडाकडे वळवतो.